तान्ह्या बाळाचा ब्रॉन्किओलायटिस: काय द्यायचं, काय टाळायचं आणि का

ब्रॉन्किओलायटिस म्हणजे तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनळ्यांना विषाणूमुळे येणारी सूज. तो बरा करणारं औषध आज कुणाकडेच नाही. मुंबईच्या मोठ्या बालरुग्णालयात नाही आणि लंडनमध्येही नाही. तरी या आजाराची बहुसंख्य बाळं घरच्या घरी बरी होतात, आणि ज्यांना अॅडमिट करावं लागतं तीही बहुतेक काही दिवसांत घरी परततात. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, हे आई-बाबांना कुणी बसून समजावत नाही. मग डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं नाही, नेब्युलायझर लावला नाही, फक्त "नाकात थेंब घाला, थोडं थोडं दूध पाजा, लक्ष ठेवा" एवढंच सांगितलं की घरात चलबिचल सुरू होते. काहीजण त्याच संध्याकाळी दुसरा डॉक्टर गाठतात आणि पाच औषधांची चिठ्ठी घेऊन निश्चिंत होतात. त्या पाचांतली बहुतेक औषधं या आजारात उपयोगाची का नसतात आणि खरा उपयोग कशाचा होतो, ते इथे सांगते.

छातीत काय होतं

श्वासनलिकेला फुप्फुसात फाटे फुटत जातात आणि प्रत्येक फाटा आधीच्यापेक्षा बारीक असतो. शेवटच्या नळ्या एक मिलिमीटरहूनही अरुंद असतात. विषाणू तिथपर्यंत पोहोचला की नळीचं आतलं अस्तर सुजतं, त्यातल्या पेशी मरून गळतात, त्यात चिकट स्राव मिसळतो आणि नळी आतून भरत जाते. हवेला होणारा अडथळा नळी अरुंद होते त्याच प्रमाणात वाढत नाही, तो फार वेगाने वाढतो: रुंदी निम्मी झाली तर अडथळा १६ पट होतो. मोठ्या माणसाच्या नळीत थोडी सूज आली तर त्याला खोकला येतो, तेवढ्याच सुजेने तीन महिन्यांच्या बाळाला धाप लागते. एकच विषाणू घरातल्या पाच वर्षांच्या ताईला नुसती सर्दी देतो आणि तान्ह्या भावाला दवाखान्यात पोहोचवतो, तो यामुळे.

बहुतेक वेळा हा विषाणू असतो आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये तो पहिल्यांदा सापडला, आणि लवकरच आजारी बाळांमध्येही. वय दोन वर्षं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. त्याच्याशिवाय ऱ्हायनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा असे इतरही आहेत. उपचार सगळ्यांत सारखाच असल्यामुळे "नेमका कोणता विषाणू" हे शोधणारी महागडी तपासणी बहुतेक बाळांना लागत नाही.

छातीच्या एक्स-रेचंही तसंच. ब्रॉन्किओलायटिसमध्ये फुप्फुसाचे छोटे छोटे भाग हवा न पोहोचल्याने मिटतात आणि एक्स-रेवर ते न्यूमोनियासारखे दिसतात. मग नसलेल्या न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक सुरू होतं. निदान होतं ते बाळाकडे बघून, छाती ऐकून आणि आई-बाबांना नीट प्रश्न विचारून. बाळ फार गंभीर असेल किंवा आजार नेहमीच्या वाटेने जात नसेल, तरच एक्स-रेला अर्थ आहे.

आज कितवा दिवस?

या आजाराची चाल बरीचशी ठरलेली असते. पहिले एक-दोन दिवस साधी सर्दी, वाहणारं नाक, थोडा ताप. मग खोकला, छातीत सूं-सूं आवाज, भरभर श्वास. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास आजार सगळ्यात जोरात असतो आणि तिथून उतरू लागतो. खोकला मात्र रेंगाळतो. १० पैकी ९ बाळांचा तो तीन आठवड्यांत जातो.

म्हणून सर्दी कोणत्या दिवशी सुरू झाली ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी दाखवलेलं बाळ ठीक असलं तरी पुढचे दोन दिवस चढाचे आहेत, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. सहाव्या दिवशी खोकला तेवढाच आहे पण बाळ पूर्ण दूध पितंय, हसतंय, तर काळजी उतरणीला लागली. आणि पाचव्या दिवशी बदललेल्या औषधाने सहाव्या दिवशी बरं वाटलं, तर ते श्रेय बहुतेक त्या औषधाचं नसतं. हा आजार त्या सुमारास उतरतोच. चुकीच्या औषधांची कीर्ती टिकून राहते त्यामागे हेच कारण आहे.

न लागणारी औषधं

सगळ्यात आधी साल्ब्युटामॉल आणि लेव्होसाल्ब्युटामॉल, म्हणजे नेब्युलायझरमधून दिली जाणारी, श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं. दम्यात ती उत्तम काम करतात, आणि छातीतला आवाज दोन्ही आजारांत सारखाच येतो. तेव्हा ती इथेही द्यावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळलेले असतात आणि हे औषध ते सैल करतं. ब्रॉन्किओलायटिसमध्ये नळी आतून भरलेली असते, गाळाने तुंबलेल्या मोरीसारखी. मोरीचा पाइप बाहेरून कितीही सैल केला तरी आतला गाळ हलत नाही. वर या औषधाने बाळाची धडधड वाढते, ते चिडचिडं होतं आणि झोपत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते या आजारात देऊ नका असं स्पष्ट सांगितलं. वर्षाच्या पुढचं मूल असेल, असा आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, घरात दमा असेल, तर तो वेगळा विचार आहे आणि तो डॉक्टरांनीच करायचा.

नेब्युलायझरमधून अॅड्रेनलिन देऊन पाहिलं गेलं. नॉर्वेमध्ये ४०४ बाळांवर झालेल्या अभ्यासात (२०१३) निम्म्यांना अॅड्रेनलिन दिलं आणि निम्म्यांना साधं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. दोन्हीकडची बाळं सारख्याच काळात घरी गेली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते: ठरलेल्या वेळी सगळ्यांना नेब्युलायझरची वाफ देण्याऐवजी गरज दिसेल तेव्हाच दिली, तर बाळं लवकर घरी गेली. आजारी तान्ह्याला दर काही तासांनी उठवून तोंडावर मास्क दाबणं याचीही किंमत असते, ती आपण मोजत नाही.

स्टेरॉइड सूज कमी करतं, मग इथे का नाही? ही शंका रास्त होती म्हणूनच ती तपासली गेली. अमेरिकेतल्या २० रुग्णालयांत २ ते १२ महिन्यांच्या ६०० बाळांवर अभ्यास झाला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्या १०० बाळांमागे सुमारे ४० अॅडमिट झाली, न दिलेल्यांमध्ये सुमारे ४१. म्हणजे फरक नाहीच. या वयातली विषाणूजन्य सूज स्टेरॉइडला दाद देत नाही.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. कानाचा संसर्ग किंवा खरा जिवाणूजन्य न्यूमोनिया सोबत असेल तर ते जरूर द्यावं. नुसता ताप आणि भरभर श्वास म्हणून दिलं तर जुलाब आणि पुरळ तेवढे पदरात पडतात. मॉन्टेलुकास्ट या दम्याच्या औषधाचाही फायदा दिसलेला नाही, आणि छाती थोपटून कफ सुटा करण्याची फिजिओथेरपी साध्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये नको. नेब्युलायझरमधून तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ, म्हणजे ३ टक्के सलाइन, हा थोडा वादाचा विषय आहे. काही अभ्यासांत अॅडमिट असलेल्या बाळांना किंचित फायदा दिसला, ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसला नाही. एखाद्या डॉक्टरने वॉर्डात ती दिली तर लगेच चूक म्हणता येणार नाही, पण तिच्यावर आशा टांगू नये.

खोकल्याच्या औषधांबद्दल मात्र मऊ शब्दांत बोलायचं कारण नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नये. त्याने आजार एका दिवसानेही कमी होत नाही आणि गुंगी, श्वास मंदावणं असे धोके वाढतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने २० हून जास्त मुलांचे प्राण गेले, त्यांतली अनेक नागपुरात उपचार घेत असताना गेली. ती भेसळ होती हे खरं. पण त्या वयाला अशा बाटलीची गरजच नसते, हेही तितकंच खरं आहे.

मग उपचार कोणता?

नाक, दूध आणि ऑक्सिजन. एवढंच ऐकून थोडं वाटतं, पण जीव वाचतो तो याच तिघांनी.

पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. छाती भरलेली असताना नाकही बंद झालं तर दूध ओढणं अशक्य होतं, कारण चोखताना तोंडही गुंतलेलं असतं. पाजण्याआधी साध्या सलाइनचे थेंब नाकात घालायचे, थोडं थांबायचं, मऊ कापडाने नाक टिपायचं. गरज वाटली तर रबरी फुग्याने पुढचा शेंबूड हलकेच ओढून घ्यायचा. खोलवर नळी घालून वारंवार ओढू नये, त्याने आतली त्वचा सुजते. नाक मोकळं करण्याचे औषधी थेंब तर बाळांसाठी नाहीतच.

दुधाचं गणित सोपं आहे: कमी कमी आणि वारंवार. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, एका वेळी थोडं, दर तासा-दीड तासाने. बाळ दमलं की थांबायचं. नेहमीच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त पितंय आणि लंगोट ओले होताहेत, तर घरी थांबता येतं.

अॅडमिट केल्यावर बाळाला पिताच येत नसेल तर नाकातून पोटात बारीक नळी घालून आईचं काढलेलं दूध दिलं जातं. आपल्याकडे ही नळी म्हटलं की घरच्यांचा धीर सुटतो, आणि हाताला सलाइन लावलं की उपचार सुरू झाल्यासारखा वाटतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ७५९ बाळांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, दवाखान्यातला मुक्काम सारखाच निघाला. फरक होता तो टोचण्यात. नळी पहिल्याच प्रयत्नात घालता आली १०० पैकी ८५ बाळांत, शिरेत सुई गेली ५६ बाळांत. तान्ह्याच्या गुबगुबीत हातात शीर शोधताना होणारी रडारड ज्यांनी बघितली आहे त्यांना या आकड्यांचा अर्थ लगेच कळेल. शिवाय नळीने दूध पोटात जातं, म्हणजे पोषणही मिळतं. श्वास फारच जोरात असेल, उलटीचा धोका असेल, तर मात्र शिरेतूनच पाणी द्यावं लागतं आणि तेही मोजून, कारण या आजारात शरीर पाणी धरून ठेवतं.

ऑक्सिजन कधी लावायचा, यावर एक विलक्षण अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. पूर्वी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्क्यांखाली गेला की बाळाला ऑक्सिजनवर ठेवायचे, आणि बाकी सगळं सुधारलं तरी त्या आकड्यासाठी दवाखान्यात अडकवून ठेवायचे. आठ रुग्णालयांतल्या ६१५ बाळांपैकी निम्म्यांना असे ऑक्सिमीटर लावले की खरं प्रमाण ९० असताना पडद्यावर ९४ दिसावं. परिचारिकांना आणि डॉक्टरांना कोणतं यंत्र कोणतं हे माहीत नव्हतं. म्हणजे त्या बाळांना ९० ची मर्यादा लागू झाली. दोन्ही गटांत खोकला साधारण १५ दिवसांतच गेला, सुरक्षिततेत फरक पडला नाही, आणि ९० वाली बाळं पुन्हा नीट दूध लवकर पिऊ लागली व सुमारे १० तास आधी घरी गेली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आता ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत सहा आठवड्यांवरच्या निरोगी बाळासाठी सतत ९० खाली राहणं ही ऑक्सिजनची मर्यादा आहे. त्याहून लहान बाळ किंवा आधीचा आजार असलेलं बाळ असेल तर ९२. म्हणून मॉनिटरवर ९२ चमकलं आणि डॉक्टर शांत दिसले तर त्यांचं दुर्लक्ष होतंय असं समजू नका. आणि घरातला मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर बाळाच्या अंगठ्याला लावून आकडे वाचत बसू नका, तो तान्ह्यासाठी भरवशाचा नाही.

साधा ऑक्सिजन पुरेना, बाळ दमतंय, असं दिसलं की पुढची पायरी हाय फ्लो. गरम आणि दमट केलेली हवा व ऑक्सिजन, बाळाच्या वजनाच्या दर किलोला मिनिटाला साधारण २ लिटर या वेगाने, नाकातल्या छोट्या नळ्यांमधून. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४७२ बाळांच्या अभ्यासात साध्या ऑक्सिजनवरच्या १०० पैकी २३ बाळांना उपचार वाढवावा लागला, हाय फ्लोवरच्या १२ बाळांना. पण साध्या ऑक्सिजनवर न सावरलेली जी बाळं नंतर हाय फ्लोवर नेली, त्यांतली बरीचशी त्यानेच सावरली, आणि एकूण मुक्काम दोन्हीकडे सारखाच राहिला. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे: हाय फ्लो हाताशी असावा, पण येईल त्या प्रत्येक बाळाला पहिल्या तासापासून लावायची गरज नाही. बिल भरणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक लहान नसतो. त्याच्याही पुढे सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देणारं यंत्र, आणि अगदी थोड्या बाळांना व्हेंटिलेटर.

घरात हे करू नका

गरम पाण्याची वाफ देऊ नका, त्या पाण्याने भाजलेली बाळं दरवर्षी दवाखान्यात येतात. कापूर नाकाजवळ नेऊ नका आणि छातीला चोळू नका, त्याने तान्ह्याला आकडी येऊ शकते. मध एका वर्षाखाली नाही, चाटणातूनही नाही. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची चाल प्रेमापोटीच आलेली आहे, आजींना ते समजावणं अवघड जातं हेही कळतं. पण सुजलेल्या नळ्यांसाठी धूर कोणताही असो, चुलीचा, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा की विडीचा, तो आजार वाढवतो. बाळाची अंघोळ-मालिश दोन दिवस राहिली तरी बिघडत नाही. झोपवताना पाठीवरच, उशीशिवाय.

"पोट उडतंय" म्हणून तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची प्रथा मेळघाटासारख्या भागांतून अजून पूर्ण गेलेली नाही. त्या आई-बापांना बाळाचा श्वास बिघडलाय हे अचूक ओळखू आलेलं असतं, आणि अनेकदा आपल्या दवाखान्यांतल्या पदवीधर नातेवाइकांपेक्षा लवकर. कमी पडतं ते तिथून ऑक्सिजनपर्यंतचं अंतर. २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे १ लाख मुलं आरएसव्हीने दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतली १०० पैकी ९७ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. त्यांच्याकडे नसलेलं एखादं नवं औषध श्रीमंत देशांत होतं म्हणून हा फरक पडला नाही. ऑक्सिजन, नळीने दूध आणि वेळेवर गाडी, एवढाच हा फरक आहे.

केव्हा लगेच निघायचं

बाळ शांत असताना कपडे वर करून पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगवान आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तरीही त्याच दिवशी. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, किंवा १२ तासांत एकही लंगोट ओला नाही, तरीही.

वाट न पाहता १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल ती गाडी पकडायची, ते पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर: श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जातोय, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ-जीभ निळसर पडलीय, बाळ मलूल आहे आणि उठवूनही नीट जागं होत नाही, किंवा श्वास मध्येच थांबतोय. हे शेवटचं लक्षण दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कधीकधी पहिलंच लक्षण असतं, खोकला-आवाज काही नसताना. अशी बाळं, जन्मजात हृदयरोग असलेली, फुप्फुसाचा जुना आजार असलेली किंवा डाऊन सिंड्रोम असलेली बाळं यांच्या बाबतीत घरी थांबण्याचा निर्णय स्वतः घेऊ नका.

होऊच नये म्हणून

इथे गेल्या काही वर्षांत खरोखर मोठी गोष्ट घडली आहे, आणि तिच्यामागे एक दुःखद आठवण आहे. १९६० च्या दशकात आरएसव्हीची पहिली लस अमेरिकेत बाळांवर वापरून पाहिली, तेव्हा लस घेतलेली मुलंच जास्त गंभीर आजारी पडली आणि दोन दगावली. त्यानंतर अनेक दशकं हे काम जपून, अडखळत चाललं. आता दोन मार्ग आहेत. एक, गरोदर आईला शेवटच्या तिमाहीत द्यायची लस, जिच्यातून तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, बाळाकडे जातात. दुसरा, बाळालाच तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन, निर्सेव्हिमॅब. स्पेनच्या गॅलिशिया प्रांतात २०२३-२४ च्या हंगामात ते सरसकट सगळ्या बाळांना देऊ केलं, १० पैकी ९ हून जास्त बाळांनी घेतलं, आणि आरएसव्हीमुळे दवाखान्यात भरती व्हायचा धोका सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाला. तुमच्या घरी बाळ यायचं असेल तर प्रसूतितज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना या दोन्हीबद्दल विचारा. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर आवर्जून.

बाकी उपाय जुनेच आहेत. हात साबणाने धुणं, अंगावरचं दूध, घरात धूर नाही. आपल्याकडे पावसाळ्यापासून थंडीपर्यंत हा विषाणू जास्त फिरतो, त्या काळात बारसं चार माणसांत उरका आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला बाळाचा मुका घेऊ देऊ नका. वाईटपणा आला तर येऊ द्या.

घरी सोडल्यावर

बाळ पुरेसं दूध पितंय आणि ऑक्सिजनशिवाय काही तास, त्यात झोपेचेही, टिकून राहतंय, हे दिसलं की घरी सोडतात. छातीत थोडा आवाज तेव्हाही असू शकतो. पुढच्या सर्दीत काही बाळांना पुन्हा सूं-सूं येते. तेवढ्यावरून त्याला दमा झाला असं म्हणता येत नाही, ते ठरायला बराच काळ जावा लागतो. खोकला चार आठवड्यांच्या पुढे गेला, तो ओला-घरघरता असेल, किंवा वजन वाढत नसेल, तर पुन्हा दाखवा. सोबत आधीच्या अॅडमिशनचे कागद आणि दिलेल्या औषधांची चिठ्ठी न्या, म्हणजे तीच औषधं पुन्हा सुरू होणार नाहीत.